न्हाणीत शिजलेली खीर

मागच्या उन्हाळ्यात आमची न्हाणी तुंबली. तार घालून झाली, पंप मारून झाला, पाणी काही सरकेना. शेवटी प्लंबरदादा आले. त्यांनी जाळी काढली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पांढरट, थलथलीत असा एक गोळा बाहेर काढला. हातात धरला तरी तो थरथरत होता. "ताई, न्हाणीत खीर शिजवली का?" त्यांनी विचारलं.

शिजवलीच होती, फक्त मला ते कळलं नव्हतं. माझी साडेतीन वर्षांची लेक दुपारभर परातीत कॉर्नफ्लोअर आणि पाणी कालवत बसली होती. तिचं मन भरल्यावर मी परात न्हाणीत उलटी केली आणि वरून दोन गंज उकळतं पाणी ओतलं. तेलकट भांडी कढत पाण्याने निघतात, तसं हेही निघेल, असा माझा साधा हिशेब. तो पार चुकला.

लहान मुलांसाठी घरच्या घरी बुळबुळीत मिश्रणं करायच्या कृती आता ढिगाने मिळतात. बहुतेकींत 'हे एवढं घ्या, ते तेवढं घ्या' असतं, पण ते बुळबुळीत का होतं हे नसतं. ते कळलं नाही की आवरताना माझ्यासारखी फजिती होते. न्हाणीनंतर मी एक सवय लावून घेतली. मिश्रण हाताला कसं लागेल हे नंतर. आधी विचारायचं, यात पाणी कुठे बसलं आहे? पाणी दाण्यांच्या मध्ये आहे, लांब धाग्यांच्या गुंत्यात आहे, की साबणाच्या जाळ्यात? स्पर्श त्यावरून ठरतो आणि सफाईही.

आपल्या भाषेला हे फरक फार आधीपासून ठाऊक आहेत. भेंडी बुळबुळीत, जास्त पिकलेलं केळं लिबलिबीत, शिजलेला साबुदाणा गिळगिळीत, गूळ चिकट, तेलाचा हात ओशट. चिकट म्हणजे धरून ठेवणारं आणि बुळबुळीत म्हणजे निसटणारं. गंमत अशी की एकच मिश्रण ओलं असताना बुळबुळीत आणि सुकताना चिकट असू शकतं. सफाईची सगळी भानगड त्या मधल्या अर्ध्या तासात असते.

आधी दाण्यांची गोष्ट. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं निव्वळ स्टार्च. त्याचा एकेक दाणा मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. गार पाण्यात तो विरघळत नाही, नुसता बुडून राहतो. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला एक वाटी पाणी घेतलं, किंचित कमी-जास्त केलं, की दाणे एकमेकांच्या अगदी लगत येतात आणि मध्ये पाण्याचा जेमतेम एक पापुद्रा उरतो. हळूच बोट घातलं तर दाण्यांना सरकायला वेळ मिळतो, पापुद्रा वंगणासारखा काम करतो आणि बोट आत जातं. बुक्की मारली तर पापुद्रा दबून फुटतो, दाण्याला दाणा घासतो, सगळे एकमेकांत अडकतात आणि मिश्रण दगड होतं. मूठभर घेऊन गोळा वळत राहा, गोळा होतो. हात थांबवा, बोटांतून ओघळून जातो.

हा प्रकार नागपुरातल्या घरांना नवा नाही. उन्हाळ्यात कुरोड्या करायच्या तर गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतं, मग ते वाटून पिळून चीक काढतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी वरचं आंबूस पाणी ओतून टाकलं की गंजाच्या तळाशी घट्ट पांढरा थर दिसतो. त्यात कालथा खुपसला तर खट्टकन अडकतो. गंज तिरपा केला की तोच थर सावकाश वाहायला लागतो. आमच्या सासूबाई चीक काढत होत्या तेव्हा लेकीने त्यात अख्खा पंजा घातला आणि ओढायला गेली तर हात निघेना. ती रडकुंडीला आली. मी धावले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "ओढू नको तिले. हात ढिला सोड म्हणा, आपोआप सुटते." सोडला, आणि सुटला. जोर लावला की घट्ट, ढिलं सोडलं की पातळ. हे त्यांनी पन्नास वर्षं कालथ्याने अनुभवलं होतं.

यात पाणी दाण्यांच्या मध्ये नुसतं उभं आहे, दाण्यांनी ते धरलेलं नाही. म्हणून ते सहज उडून जातं आणि मागे उरते कोरडी पावडर. याची सफाई म्हणजे काहीच न करणं. परात गच्चीवर ठेवायची. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास आणि हवा कोरडीठाक असताना, पातळ थर तासाभरात भेगाळतो. हातावरचा चोळला की पिठासारखा झडतो, कपड्यावरचा झटकला की जातो, फरशीवरचा झाडूने निघतो. उरलेली पावडर डब्यात भरली तर पुढच्या वेळी पाणी घालून पुन्हा तोच खेळ. फक्त नीट वाळू द्यायची, ओल राहिली तर बुरशी धरते. ओला गोळा नळीत मात्र कधी सोडायचा नाही. तो वळणावर तळाला बसतो आणि ढेकूळ होतो.

आणि कढत पाणी तर नाहीच नाही. स्टार्चचे दाणे साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात, फुटतात, आणि त्यांच्या आतल्या लांब साखळ्या बाहेर येऊन एकमेकींत गुंततात. पाणी त्या गुंत्यात कोंडलं जातं. हीच सुती साडीची खळ, हीच पतंगाची लई, आणि हाच तो प्लंबरदादांच्या हातातला गोळा.

मुद्दाम शिजवलं तर याचाही छान खेळ होतो. चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवायचं, बाकीचं मिळून दोन कप होईल एवढं पाणी उकळायचं आणि त्यात ही पेस्ट ओतत सतत ढवळत राहायचं. दुधी रंग जाऊन मिश्रण अर्धपारदर्शक झालं की गॅस बंद. पूर्ण गार झाल्यावरच मुलांच्या हाती द्यायचं. दाट मिश्रण वरून गार लागलं तरी आत बराच वेळ भाजण्याइतकं गरम असतं, म्हणून मी तळापर्यंत चमचा फिरवून आधी स्वतःचं बोट घालून बघते. मक्याऐवजी साबुदाणा शिजवला तर गोळा न बांधता लांब तार सुटते. साबुदाणा कंदाच्या स्टार्चचा असतो आणि त्यात घट्ट बसवणाऱ्या सरळ साखळ्या मक्यापेक्षा कमी असतात. ज्यांना 'ओढून लांब करायचं' आहे त्यांनी साबुदाणा घ्यावा. ज्यांना 'थापायचं' आहे त्यांनी मका.

शिजवलेलं स्टार्च कपड्यावर सुकलं तर कापड पापडासारखं कडक होतं. घाबरायचं कारण नाही. गार पाण्यात तासभर भिजवलं की मऊ होऊन निघतं.

आता माझं सगळ्यात लाडकं: जवस. विदर्भात जवसाची चटणी ज्या घरी नाही ते घर शोधावं लागेल. या बीच्या सालीत एक बुळबुळीत पदार्थ साठवलेला असतो. साखरेच्या रेणूंच्या लांबलचक, फांद्या फुटलेल्या साखळ्याच त्या, आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी त्या धरून ठेवतात. बी कुटायची नाही. कुटली तर तेल बाहेर येतं आणि मिश्रण बुळबुळीत होण्याऐवजी ओशट होतं. पाव वाटी अख्खा जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच, आणि सतत ढवळणं. पाच मिनिटं काहीच होत नाही. मग फेस बदलतो, बुडबुडे लहान आणि पांढरे होतात. चमचा उचलला की आधी थेंब पडतात, मग थेंबाला शेपूट येतं, मग चमच्यापासून पातेल्यापर्यंत एक अखंड तार लोंबते. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दिसलं की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच गाळणीतून गाळायचं. गार होऊ दिलं तर गाळणी तुंबते आणि तुम्ही चमच्याने घोटत बसता. पहिल्या खेपेला मी तेच केलं, आणि शेवटी अर्धं मिश्रण बियांसकट टाकून दिलं. गाळून उरलेल्या बिया मी कणकेत मळते.

हे पोट्ट्यांना का आवडतं ते सरळ सांगायचं तर ते हुबेहूब शेंबडासारखं दिसतं. वाटीतून वाटीत ओततानाची तार मध्येच तोडली तर ती झपकन वर खेचली जाते. हातात दाबलं की पातळ होऊन निसटतं, सोडलं की परत दाट. म्हणजे कॉर्नफ्लोअरच्या बरोबर उलट. तिथे जोर दाण्यांना अडकवतो, इथे जोराने गुंतलेले धागे एका दिशेला विंचरले जातात आणि सरकायला मोकळे होतात. दोन परातींत दोन मिश्रणं शेजारी शेजारी ठेवली तर चार वर्षांच्या मुलालाही हा फरक समजतो, शब्दांत सांगता आला नाही तरी.

जवसाने जे होतं तेच जास्वंदीच्या पानांनी होतं. आठ-दहा पानं पाण्यात चुरून पाच मिनिटं ठेवायची, हाताने पिळायची. हिरवट बुळबुळीत पाणी तयार, गॅस लागत नाही. भेंडीचे देठ आणि टोकं भिजवली तरी होतं. सब्जाची तर गंमतच. दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक काळ्या बीभोवती काचेसारखी गोल टोपी चढते. भिंग असेल तर मुलांना ती चढताना बघू द्या.

सफाईचा नियम इथे उलटतो. हे धागे पाणी धरतात, आणि पाणी उडालं की एकमेकांना आणि फरशीला धरतात. सब्जा सुकला की फरशीला डिंकासारखा चिकटून बसतो. बीला मातीत पक्कं बसायला निसर्गाने केलेली ती सोय आहे. म्हणून जवस, जास्वंद, सब्जा हे ओले असतानाच पुसायचे. गार पाण्याचा फडका, दोन हात, काम संपलं. सुकलंच तर खरवडू नका. ओला फडका दहा मिनिटं वर टाकून ठेवा, फुगून स्वतःच सुटतं. सब्जाच्या बिया नळीत न सोडता कुंडीत टाकाव्यात. आमच्या दोन कुंड्यांत त्या उगवल्या आणि आता फालुद्यासाठी घरचा सब्जा आहे.

इसबगोलही असंच फुगतं आणि झटपट फुगतं, पण मी लहान मुलांच्या हाती त्याचा कोरडा भुसा देत नाही. कोरडा तोंडात गेला तर घशातच फुगू शकतो. अगदी लहान, सगळं तोंडात घालणाऱ्या बाळांसमोर सब्जाही नको. आणि बाजारात मिळणारे ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरातच आणू नयेत असं माझं ठाम मत आहे. गिळलेला मणी पोटात फुगून आतडं अडवू शकतो. तशी मुलांची ऑपरेशनं झालेली आहेत.

पावसाळ्यात गच्चीवर काही सुकत नाही, तेव्हा साबणाचा चिखल. साध्या अंघोळीच्या वडीचा अर्धा भाग किसायचा, पंधरा-वीस पेपर नॅपकिन फाडून त्यात टाकायचे आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत मुलांनाच कालवू द्यायचं. कागदाचे तंतू सुटे होतात, साबण त्यांच्याभोवती मऊ जाळं बांधतो आणि पांढरा लोण्यासारखा लगदा तयार होतो. त्याचे डोंगर होतात, लाडू होतात, केक होतात. नळाचं पाणी मऊ असेल तर उत्तम. बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळतो आणि फेस येण्याऐवजी दह्यासारखी कणी पडते. तेव्हा पिण्याचं पाणी वापरा. लगदा पिळून कचऱ्यात टाका, नळीत नको. राहिलेल्या साबणाने परात, हात, फरशी सगळं धुऊन निघतं. एवढी सोपी आवराआवर दुसऱ्या कशात नाही. फक्त डोळ्यांत गेलं तर झोंबतं आणि फरशी भयंकर निसरडी होते. खाली जुनी सतरंजी घाला आणि 'इथे धावायचं नाही' हे आधी तीनदा सांगून ठेवा.

याच लगद्यात चिमूटभर हळद टाकून बघा. पिवळी होण्याऐवजी ती लालसर होते. साबण अल्कलीचा, आणि हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. वरून लिंबू पिळलं की परत पिवळं. लेक हा प्रयोग एका बैठकीत अकरा लिंबांवर करू पाहत होती, तिसऱ्यावर थांबवलं. हळदीचा डाग कपड्यावर राहिला तर धुऊन कडक उन्हात टाका. तो रंग उजेडात टिकत नाही, आणि उजेडाची आपल्याकडे कमी नाही. बाकी रंगासाठी बीट गार पाण्यात चटकन धुतलं जातं. होळीच्या सुमाराला वाळलेली पळसाची फुलं मिळाली तर रात्रभर भिजवून त्यांचं केशरी पाणी वापरा.

पांढरा गोंद आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घालून केलेल्या, रबरासारख्या ताणणाऱ्या 'स्लाईम'बद्दल नेहमी विचारतात. पाणी धरायची रीत तीच, धाग्यांचा गुंता; पण इथे टाकणखारातलं बोरॉन धाग्याला धाग्याशी टाचून टाकतं, म्हणून ते हाताला न लागता एकसंध उचलता येतं. दिसतं छान. तरी माझ्या घरात ते नाही. बोरॉनची संयुगं जास्त प्रमाणात शरीराला चांगली नाहीत. युरोपात ओल्या किंवा चिकट खेळण्यांतून सुटणाऱ्या बोरॉनवर किलोला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि घरात चमच्याने टाकणखार मोजताना कोण काय मोजणार? कॅरमची पावडरही पुष्कळदा बोरिक अॅसिडचीच असते, तिचाही जुगाड नको. बाहेरून आणलेलं स्लाईम सोफ्याला लागलंच असेल तर पांढरं व्हिनेगर लावा. आम्लाने ते टाचे सुटतात आणि गोंद पाण्याने निघतो. आधी कोपऱ्यात लावून सोफ्याचा रंग जात नाही ना, ते बघा.

कणीक-मैद्याचे पातळ घोळ मी कच्चे देत नाही. कच्च्या पिठातही जंतू असू शकतात आणि मुलं चाटतातच. शिवाय गव्हातलं ग्लुटेन कपड्याच्या विणीत असं बसतं की ब्रशही हात टेकतो. आणि कुठलंही ओलं मिश्रण उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. तो आला की फेकायचं, जीव लावायचा नाही.

सगळ्या मुलांना हे आवडतं असं समजू नका. माझ्या भाच्याला ओल्या बोटांची किळस येते, तो हात वर धरून उभा राहतो. त्याला कोणी 'काही होत नाही, घाल हात' म्हणालं की तो आणखी आखडतो. त्याच्यासाठी जवसाचं मिश्रण झिपच्या जाड पिशवीत भरलं, तोंडावर टेप लावली आणि आत चार बटणं सोडली. तो वरून बोटाने बटणं ढकलत तासभर बसला. तिसऱ्या दिवशी त्याने पिशवी उघडली, एक बोट घातलं, लगेच पुसलं. परत घातलं.

वेळ म्हणाल तर मे महिन्यात सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी गच्चीची फरशी पायाला चटका देते, आणि मिश्रण खेळता खेळताच सुकून मुलं चिडतात. कूलरसमोर परात ठेवली तर आणखी लवकर सुकतं. पाणी उडताना हाताला गार लागतं, ते मुलांना आवडतं, म्हणून स्प्रेची बाटली जवळ ठेवायची आणि अधूनमधून फवारायचं.

एक मिश्रण राहिलं, आणि ते फुकट आहे. पहिला पाऊस पडला की शेताकडची काळी माती. तिच्यातली चिकणमाती अतिपातळ पापुद्र्यांची असते. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, ते फुगतात आणि एकमेकांवरून घसरतात. उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कारण ते पाणी निघून गेलेलं असतं. आम्ही ओळखीच्या शेतातून एक घमेलं आणतो, चार दिवस कडक उन्हात वाळवतो, चाळतो, खडे-काचा बघतो आणि मग भिजवतो. पोळ्याच्या आधी तिचे बैल होतात, बरेचसे तीन पायांचे. पायाला लागलेली काळी माती ओली असताना धुवायला गेलं की पसरतच जाते. सासूबाई लेकीला ओट्यावर बसवतात आणि पाय पुढे करून वाळू द्यायला सांगतात. मग तळव्याला तळवा आपटला की खपल्या पडतात. खाली अंथरलेला पेपर गुंडाळून त्या परत घमेल्यात.